घरातला टीव्ही सोडायचाय? आषाढीला सुरू करा, कार्तिकीला ठरवा

टीव्ही बंद करायचं घरात ठरतं ते सहसा रागाच्या भरात. सहामाहीचे मार्क आलेले असतात, किंवा जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही हे एखाद्या रात्री अचानक खुपतं, आणि कुणीतरी तावातावाने केबलची वायर उपसून काढतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भारत-ऑस्ट्रेलिया सामना असतो. वायर परत जागेवर.

ठरवणारा एक आणि पाहणारे चार, असा हा मामला असतो. त्यातही ठरवणारा बहुधा तोच, ज्याचं टीव्हीवाचून काहीच अडत नाही: दिवसभर ऑफिसात माणसांत वावरणारा, खिशात स्वतःचा मोबाईल असलेला. दुपारभर घरात एकट्या असणाऱ्या आजीला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून खालचा क्रम जरा उलटा वाटेल. ज्याचं सगळ्यात जास्त अडणार आहे त्याच्यापासून सुरुवात करायची. मुलं शेवटी, कारण त्यांचं सगळ्यात लवकर जमतं.

आठवडाभर नुसतं लिहून काढा

रिमोटशेजारी एक वही आणि पेन ठेवा. टीव्ही बंद करायचा नाही, कुणाला टोकायचं नाही. फक्त तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता लागला, कुणी लावला, आणि तेव्हा समोर खरोखर कोण बसलं होतं.

तिसरा रकाना महत्त्वाचा. संध्याकाळी टीव्ही चालू असतो आणि समोर कुणीच नसतं, असं बऱ्याच घरांत निघतं. आई ओट्याशी पोळ्या लाटत मालिका नुसती ऐकते आहे. बाबांनी चर्चेचा कार्यक्रम लावून ठेवलाय आणि स्वतः मोबाईलमध्ये आहेत. मुलगा गृहपाठ करतोय, पण कान तिकडे. हे तास सुटायला सोपे, कारण त्यांत कुणाचा जीव गुंतलेला नाही. घरात आवाज हवा असतो, एवढंच. तो आवाज रेडिओ देतो. स्वयंपाकघरात रेडिओ लागला की यातले निम्मे तास आपोआप गळतात.

उरलेल्या तासांपुढे 'कशासाठी' ते लिहा. आजी: साडेसहा ते साडेनऊ, मालिका. धाकटी: जेवताना कार्टून, नाहीतर घास गिळत नाही. बाबा: रात्रीच्या बातम्या. ही कारणं हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे.

अर्धा सोडायचा की पूर्ण?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक गोष्ट सुरू केली. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद. या वेळात मुलांनी अभ्यासाला बसायचं. साडेआठला पुन्हा भोंगा. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली, आणि शाळा उघडल्यावरही मोबाईल मुलांच्या हातातून सुटेना, त्यातून हे निघालं.

यातून घ्यायच्या गोष्टी दोन. एक, नियम मोठ्यांनाही तोच. दुसरी, वेळ गावाने ठरवली. एकेकट्या आईला रोज पोराशी हुज्जत घालावी लागली नाही. भोंगा वाजला की संपलं. घरात यालाच पर्याय म्हणजे घड्याळाचा गजर, आणि तो कुणी एकाने नाही, आलटून पालटून लावायचा.

मग 'रोज एकच तास पाहू' हे का नको? माझा अनुभव असा की मालिका पाहणाऱ्या घरात तासाचं गणित टिकत नाही. सोमवार ते शनिवार, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मालिका एकीला एक जोडून लावलेल्या असतात, आणि प्रत्येक भाग अशा जागी तोडलेला असतो की पुढचा पाहिल्याशिवाय उठवत नाही. वाहिनीचा धंदाच तो. ठरलेल्या वेळात पूर्ण बंद ठेवायचा तर वडगावसारखं 'या दीड तासात नाही' हे चालतं. 'एवढाच वेळ पाहायचा' हे चालत नाही. त्यापेक्षा चार महिने पूर्ण बंद सोपं, असं माझं ठाम मत आहे.

चार महिनेच का

कायमचं सोडायचं म्हटलं की घरात बंड होतं. त्यापेक्षा नेम धरा. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. आपल्याकडे या चार महिन्यांत कांदा-लसूण, वांगं सोडणारी माणसं अजून घरोघर आहेत. आजीला 'स्क्रीन टाइम' समजावत बसावं लागत नाही. 'यंदा चातुर्मासात टीव्ही सोडायचा' एवढं वाक्य पुरतं. देवाधर्माचं वावडं असेल तर शाळेचं पहिलं सत्र म्हणा, हिशेब तोच.

नेमाला शेवट असतो, हा त्याचा मोठा गुण. कार्तिकीला पुन्हा बसून ठरवायचं आहे, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. आणि कॅलेंडर तुमच्या बाजूने असतं. आयपीएल तोवर उरकलेली असते. श्रावण, मंगळागौर, गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी ओळीने येतात. या दिवसांत घर तसंही टीव्हीपुढे कमी असतं. शेवटच्या महिन्यात, उत्साह ओसरायला लागतो तेव्हा, नेमके दिवाळी अंक हातात येतात.

परीक्षेच्या तोंडावर मात्र सुरू करू नका. मूल त्याला शिक्षाच समजतं.

आजी-आजोबांशी बोलणं

इथे घाई करू नका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा गल्लीत एखादाच संच आणि त्याच्यापुढे सगळी आळी. आज सत्तरीत असलेल्या बायकांनी टीव्ही आधी शेजाऱ्यांबरोबर पाहिलाय, मग घरच्यांबरोबर, आणि आता एकट्या पाहतात. मालिकेतली सून काय करते याच्याशी त्यांना आपल्याला वाटतं तेवढं कर्तव्य नसतं. रोज ठरलेल्या वेळी ओळखीचे चेहरे घरात येतात, याच्याशी असतं. तो सोबतीचा भाग भरून काढल्याशिवाय टीव्ही काढलात, तर तुम्ही आजीची माणसं हिसकावून घेतलीत.

म्हणून आधी विचारा, आणि विचारताना उत्तर ठरवून जाऊ नका. 'आई, चार महिने टीव्ही बंद ठेवू या का? तुमचं काय अडेल?' मग गप्प बसून ऐका. 'संध्याकाळ जात नाही' हे उत्तर बहुधा येतंच. त्याला कामाची उत्तरं अशी:

साडेसहा-सातची वेळ रिकामी ठेवायची नाही. देवळात हरिपाठ किंवा भजनी मंडळ असेल तर तिथवर पोहोचवायची आणि परत आणायची जबाबदारी घरातल्या एकाने अंगावर घ्यायची. 'तुम्ही जा ना' म्हणून भागत नाही. अंधार, खड्डे, पावसाळा आहे. गुडघे दुखत असतील तर सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत, तेही नसेल तर लांबच्या बहिणीला, भाचीला रोज एकीला फोन. पत्रिकेच्या यादीसारखी नावांची यादी करून फोनपाशी लावा.

घरात त्यांच्या हाताला काम असू द्या, पण सगळ्यांच्या सोबतीने. मेथी निवडणं, लसूण सोलणं, वाटाणे सोलणं ही कामं दुपारी एकटीने उरकण्यापेक्षा संध्याकाळी हॉलमध्ये परात मध्ये घेऊन करायची. नातवंडं आपोआप परातीभोवती जमतात. शेंगा सोलणं हे टीव्हीला फार जुनं आणि तगडं उत्तर आहे.

वाचायला डोळे साथ देत नसतील तर नातवाने रोज वर्तमानपत्रातलं एक पान मोठ्याने वाचायचं. शुद्धलेखनाच्या वह्या भरण्यापेक्षा मुलाचं मराठी याने जास्त सुधारतं.

आणि एक लक्षात घ्या. आजोबा टीव्हीचा आवाज चाळीस आकड्याच्या पुढे नेऊन ठेवत असतील तर आधी कान तपासून घ्या. बऱ्याचदा त्यांना बोलण्यापेक्षा टीव्ही बरा वाटतो तो एवढ्याचसाठी, की टीव्हीचा आवाज वाढवता येतो, माणसांचा नाही.

एवढं करूनही त्या नको म्हणाल्या तर नकोच. टीव्ही हॉलमधून काढून त्यांच्या खोलीत ठेवा, हेडफोन द्या, आणि बाकीच्या घराने नेम पाळा. अंथरुणाला खिळलेलं किंवा दिवसभर एकटं असणारं माणूस घरात असेल, तर त्याच्यापुरता टीव्ही काढायचा विचारही करू नये. तत्त्व तुमचं, आणि भोग त्याचा, असा तो व्यवहार होतो.

मोबाईलचा नियम आधी

टीव्ही गेला आणि पाच जण पाच मोबाईलवर बसले, तर होतं ते बरं होतं म्हणायची वेळ येईल. टीव्हीपुढे निदान सगळे एका खोलीत तरी असतात. म्हणून टीव्ही बंद करायच्या दोन आठवडे आधी मोबाईलचा नियम सुरू करा. तो जमला नाही तर टीव्हीला हात लावू नका.

नियम साधा ठेवा. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ सगळे फोन एका जागी, चार्जिंगला. जागा हॉलच्या बाहेरची हवी: फ्रिजवर, नाहीतर देवघराशेजारच्या कपाटावर. आवाज चालू ठेवा, फोन आला की उठून उभ्याने बोला. उभ्याने बोललं की बोलणं आटोपशीर होतं आणि पुढे रील उघडली जात नाही. वायफायच्या राउटरमध्ये वेळ लावायची सोय असेल तर तीही वापरा.

हा नियम पहिल्यांदा मोडतील ते बाबा, ऑफिसचा मेल बघायचा म्हणून. तो त्यांनी फ्रिजपाशी उभं राहून बघावा.

ओटीटीचे पासवर्ड चार महिने बदलून आत्याकडे किंवा मामाकडे ठेवायला द्या. मोबाईलच्या रिचार्जबरोबर फुकट आलेली ओटीटी लोक विसरतात. तिथून वाट निघते.

केबल, बिल आणि संच

डीटीएच असेल तर सोपं आहे: रिचार्ज करायचं नाही. वर्षभराचं पॅक नुकतंच भरलं असेल तर सेवा तात्पुरती थांबवता येते का हे विचारा. कायमची बंद केलीत तर पुन्हा जोडणीचा खर्च पडेल, म्हणून चार महिन्यांसाठी नुसतं थांबवलेलं बरं.

गल्लीतला केबलवाला असेल तर तोंडी सांगून भागत नाही. वसुलीला येणारा पोरगा वेगळा, मालक वेगळा. महिन्याच्या पाच तारखेला पावतीपुस्तक दारात हजर. कोणत्या तारखेपासून बंद, हे मालकाला व्हॉट्सॅपवर लिहून पाठवा. सेट टॉप बॉक्स विकत घेतलेला की भाड्याचा, अनामत किती दिली होती, हे तेव्हाच मिटवा. आणि एक मेख: अनेक ठिकाणी घरातलं इंटरनेटही त्याच केबलवाल्याचं असतं. दोन्ही एका बिलात असतील तर 'केबल बंद करा' म्हटल्यावर मुलाचा ऑनलाइन क्लास बंद पडलेला सकाळी कळेल.

वाचणारी रक्कम फार मोठी नाही, त्यामुळे ती कारण म्हणून कुणाला सांगू नका. पण एक गणित बघण्यासारखं आहे. मध्यम आकाराचा एलईडी टीव्ही साधारण ७० वॅटचा धरा. रोज पाच तास म्हणजे महिन्याला दहा युनिटच्या आसपास. सेट टॉप बॉक्स दहा वॅटचा धरला, पण त्याचं बटण कुणी बंद करत नाही. रिमोटने झोपवला तरी तो बऱ्यापैकी वीज घेतच राहतो. चोवीस तासांचे महिन्याला सात युनिट. टीव्ही राहणार असेल त्या घरानेही निदान हे बटण रात्री बंद करावं.

संच भिंतीवरून उतरवाच. वर कापड टाकून झाकून ठेवलेला टीव्ही हा चालू टीव्हीच असतो, कधी ना कधी कापड सरकतं. उतरवायला दोन माणसं लागतात. पडदा आडवा झोपवून ठेवू नका, उभा ठेवा. मूळ खोका असेल तर त्यातच. रिमोटमधले सेल काढा, पावसाळ्यात ते गळतात आणि स्प्रिंग गंजतात. माळ्यावर ओल असेल तर कपाटामागे ठेवा. विकायची घाई अजिबात नको.

हॉल फिरवा

आपल्या बैठकीच्या खोल्या टीव्हीच्या तोंडाकडे बघून मांडलेल्या असतात. संच गेल्यावर सगळे सोफ्यावर बसून रिकाम्या भिंतीकडे बघत राहतात आणि घर उदास वाटतं. त्याच दिवशी सोफा फिरवा, दोन खुर्च्या समोरासमोर आणा. जागा लहान असेल तर सतरंजी घाला; पत्ते, कॅरम, परात, सगळं खालीच जमतं.

दिव्याकडे बघा. टीव्हीच्या खोलीत उजेड मंद ठेवायची सवय असते. त्या उजेडात वाचता येत नाही आणि मग 'घरात कुणाला वाचनाची आवडच नाही' असा निष्कर्ष निघतो. चांगली ट्यूब किंवा वाचायचा दिवा आणा. टीव्हीच्या कपाटात आता पुस्तकं, पत्त्यांचा जोड, बुद्धिबळ ठेवा, आणि ते मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर.

पहिले पंधरा दिवस

सात ते दहा हे तीन तास अंगावर येतात. पहिल्या आठवड्यात भांडणं वाढतात, हे आधीच सांगून ठेवा. इतके दिवस टीव्हीच्या आवाजाखाली दबलेली बोलणी वर येतात: पैशांची, सासरची, कुणी काय केलं नाही त्याची. काही घरांना हे जड जातं. ज्या घरात टीव्ही चालू ठेवणं हाच तह आहे, तिथे तो अचानक मोडण्याआधी नवरा-बायकोने एकदा वेगळं बसून बोलावं.

जेवण साडेआठच्या आत, सगळ्यांचं एकत्र. हा एकच नियम काटेकोर पाळा, बाकी ढिले असले तरी चालतील. जेवणानंतर बदाम सात, झब्बू, मेंढीकोट. कॅरमला पावडर आहे का बघून ठेवा, नेमकी तीच नसते. गावातल्या किंवा वॉर्डातल्या वाचनालयाची वर्गणी भरा, आणि पुस्तक बदलायला मुलांनाच पाठवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. त्याची वर्गणी घरी मुलाच्या नावाने लावा. स्वतःच्या नावाने टपाल आलं की मूल ते उघडतंच.

मुलांचा कंटाळा तुम्ही घालवायचा नाही. 'मी काय करू?' ला रोज नवा कार्यक्रम काढून दिलात तर तुम्हीच टीव्ही होऊन बसाल. दोन-तीन दिवस ती लोळतात, चिडतात, मग कुठलं तरी खोकं, दोरी, जुनी वही काढून बसतात.

कार्टूनशिवाय न जेवणाऱ्या लहानग्यांचं मात्र वेगळं. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासाच्या आतच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शन आहे. ताटाजवळ मूल पडद्याकडे बघत गिळतं, भूक लागली की भागली हे त्याला कळत नाही. पडदा काढल्यावर काही दिवस ते कमी जेवेल. घाबरून मोबाईल पुढे करू नका. मधली बिस्किटं बंद करा, सगळ्यांबरोबर बसवा, घास त्याच्या हातात द्या, सांडू द्या. वजन घटतंय किंवा पाणीही नको म्हणतंय असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

बाळ सांभाळायला मावशी येत असतील तर त्यांच्याशी नीट बोला. बाळ झोपलं की दुपारचा तास-दीड तास टीव्ही हाच त्यांचा विसावा असतो. तो काढताना रेडिओ द्या, आणि पूर्वसूचना द्या.

बातम्या, क्रिकेट, पाहुणे

बातम्यांना वर्तमानपत्र आणि आकाशवाणी पुरते. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांत दहा मिनिटांत महाराष्ट्र सांगून होतो, आणि मध्ये कुणी कुणावर ओरडत नाही.

क्रिकेटचं आधी लिहून ठेवा. चार महिन्यांतले कोणते सामने बघायचे ते मोजके ठरवा आणि ते मित्राकडे किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये जाऊन बघा. आधी ठरवून पाहिलेल्या सामन्याने नेम मोडत नाही. मुलं शेजारी कार्टून बघायला गेली तर वेळ सांगून जाऊ द्या. शेजाऱ्यांना मात्र आपला नेम सांगून ठेवा, नाहीतर 'यांच्याकडे टीव्ही बिघडलाय वाटतं' म्हणून कौतुकाने तासन्‌तास बसवून घेतील.

पाहुणे आल्यावर पहिला अर्धा तास अवघड जातो. चहा झाला, पोहे झाले, आणि नजर भिंतीकडे. तेव्हा पत्ते काढा किंवा जुने फोटोंचे अल्बम. सासुरवाडीचे लोक राहायला येणार असतील तर त्यांना फोनवर आधीच सांगा. आल्यावर कळलं तर तो मानपानाचा विषय होतो.

कार्तिकीला

सगळे बसा, आणि आजीला आधी बोलू द्या. पहिल्या आठवड्याची वही काढा, त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर आता त्या वेळी काय होतं ते लिहा. तीन वाटा आहेत. पूर्ववत करायचं. वडगावसारखे ठरलेले तास सोडून बाकी वेळ चालू करायचा; चार महिन्यांनंतर हे आधीपेक्षा सोपं जातं. किंवा संच विकायचा. एका जरी माणसाचं मन नसेल तर तिसरी वाट घेऊ नका, दुसरीवर थांबा.

विकायचाच झाला तर स्मार्ट टीव्हीतली सगळी खाती लॉगआउट करून फॅक्टरी रीसेट करा. तुमचे ओटीटीचे आणि गुगलचे पासवर्ड त्यात बसलेले असतात. रिमोट, भिंतीचा स्टँड आणि त्याचे स्क्रू एका पिशवीत घालून संचाला चिकटवा, त्याशिवाय भाव येत नाही. माळ्यावर जुना डबा टीव्ही पडलेला असेल तर तोही याच वेळी काढा, पण भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं आणि तांब्यासाठी तो उघड्यावर फोडला जातो. महापालिकेच्या ई-कचरा संकलनाचा दिवस विचारून त्या दिवशी नेऊन द्या.